हाडातलं सिमेंट, शेजारची नस

ऑपरेशननंतर पायाचा पंजा उचलत नाही, अशी चिठ्ठी घेऊन रुग्ण माझ्याकडे नसांच्या तपासणीला येतो, तेव्हा मी आधी विचारतो, "हे कधीपासून?" भूल उतरली त्याच रात्रीपासून? की दोन दिवस पाय नीट हलत होता आणि मग गेला? की सांधा बदलून वर्ष उलटल्यावर हळूहळू? मशीनच्या तारा जोडण्याआधीच या उत्तरातून निम्मं निदान हाती येतं. हाडात भरलेलं सिमेंट शेजारच्या मज्जातंतूला इजा करतं ते उष्णतेने, रसायनाने किंवा दाबाने, आणि या तिन्हींचा काळ वेगळा असतो. उष्णतेचं काम काही मिनिटांत उरकतं. रसायनाचा परिणाम दिसायला तास-दिवस जातात. दाब कधी तत्काळ जाणवतो, तर कधी वर्षभर गप्प राहून मग डोकं वर काढतो. या पुस्तकाच्या लेखकांनी काळाचा हा धागा पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत सोडलेला नाही, म्हणूनच प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

पुस्तक अस्थिशल्यविशारदांना उपयोगी पडेलच. पण ते लिहिलंय अशा मराठीत, की वॉर्डातल्या सिस्टर, फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि ज्यांच्या घरात कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलायचा आहे ती माणसंही ते वाचू शकतील. त्यांच्यासाठी मी इथे विषयाची थोडी पायवाट पाडून ठेवतो.

हे सिमेंट म्हणजे अ‍ॅक्रिलिक. पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, बोलताना पीएमएमए. हाडात येण्याआधी ते दातांच्या कवळ्यांमध्ये रुळलेलं होतं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का कसा बसवायचा या चिंतेत होते, तेव्हा मँचेस्टर विद्यापीठात दंतसाहित्यावर काम करणाऱ्या डेनिस स्मिथ यांनी त्यांना हे अ‍ॅक्रिलिक सुचवलं. १९५८ मध्ये चार्नलींनी ते वापरायला सुरुवात केली आणि १९६० मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या आधीही काहींनी सांध्यात अ‍ॅक्रिलिक वापरून पाहिलं होतं. पण मांडीच्या हाडाची पोकळी सिमेंटने पूर्ण भरायची आणि त्यात धातूचा दांडा रोवायचा, ही रीत चार्नलींनी रूढ केली. सिमेंट इथे काहीच चिकटवत नाही. हाडाच्या जाळीदार फटींमध्ये ते शिरतं, तिथे घट्ट होतं आणि अडकून बसतं. ही गोष्ट नसांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण फटीत शिरण्यासाठी ते दाबून भरावं लागतं, आणि दाबून भरलेली वस्तू वाट मिळेल तिथून बाहेरही पडते.

ऑपरेशन थिएटरमध्ये ते तयार होताना पाहण्यासारखं असतं. एका पाकिटात ४० ग्रॅम पांढरी पावडर, एका काचेच्या कुपीत २० मिलिलिटर पातळ द्रव. पावडरीत आधीच तयार झालेले अ‍ॅक्रिलिकचे बारीक मणी असतात, प्रक्रिया सुरू करणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं आणि एक्स-रेवर दिसावं म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड असतं. कुपीतला द्रव म्हणजे मोनोमर, उग्र वासाचा. दोन्ही एकत्र केले की आधी पातळ, मग चिकट, मग हाताळता येईल असा गोळा होतो. हातमोज्याला चिकटेनासा झाला की तो हाडात भरायचा. सिस्टर त्यातलाच लहानसा गोळा काढून ट्रॉलीवर ठेवतात आणि अधूनमधून दाबून पाहतात. सात-आठ मिनिटं होत आली की तो ऊन लागायला लागतो, मग एकदम इतका तापतो की मुठीत धरवत नाही, आणि त्याच सुमारास कडक होतो. शल्यविशारद हाडातल्या सिमेंटचा अंदाज या बाहेरच्या गोळ्यावरून बांधतात. खोली गार असेल तर वेळ लांबते, उकाडा असेल तर आवरते. त्यामुळे एसी बिघडलेल्या थिएटरमध्ये सिमेंट हातात धरलेल्या माणसाची धांदल उडते.

ही ऊब येते मोनोमरच्या रेणूंची साखळी बनताना. एका मोलमागे साधारण ५७ किलोज्यूल उष्णता सुटते. एका कुपीतल्या २० मिलिलिटरचा हिशोब केला तर ती दहा किलोज्यूलच्या घरात जाते. प्रयोगशाळेत सिमेंटचा जाड तुकडा स्वतंत्र ठेवून मोजला, तर तापमान ८० अंश सेल्सियसच्या वर, कधी शंभरापर्यंतही जातं. शरीरात मात्र तसं होत नाही. तिथे थर पातळ असतो, धातूचा सांधा उष्णता ओढून घेतो आणि रक्ताचा प्रवाह ती वाहून नेतो. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी मोजलेले आकडे प्रयोगशाळेपेक्षा बरेच खाली असतात. तरीही निश्चिंत व्हावं असे ते नाहीत. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडावर दाखवून दिलं की ४७ अंश तापमान एक मिनिट टिकलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते. मज्जातंतूही याच पट्ट्यात दुखावू लागतो. त्याच्या आत विद्युतसंदेश वाहून नेणारे धागे, त्यांवरचं मायलिनचं आवरण आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या शिरा असतात. उष्णता या तिन्हींवर एकदम पडते, आणि रक्तपुरवठा गेला तर बाकीचे वाचूनही उपयोग नसतो.

इथे जाडी कळीची ठरते. दोन-तीन मिलिमीटरचा नेमका थर आणि हाडाबाहेर गोळा होऊन बसलेला पेरभर जाडीचा लगदा, यांच्यात फार फरक आहे. हाडाच्या आत असेपर्यंत सिमेंट आणि नस यांच्यामध्ये हाडाची भिंत असते, स्नायू असतो, चरबी असते. भिंतीला भोक असेल, ती पातळ झालेली असेल किंवा जुना सांधा काढताना तडकली असेल, तर सिमेंट थेट नसेपाशी जाऊन बसतं आणि तिथेच तापतं. या पुस्तकातलं उष्णतेचं प्रकरण सर्वांत मोठं आहे आणि ते तसंच असायला हवं होतं.

रसायनाच्या बाबतीत एक जुना पुरावा मला नेहमी बोलका वाटत आला आहे, आणि तो ऑपरेशनच्या टेबलावरचा नाही. कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ वर्षानुवर्षं ओलं अ‍ॅक्रिलिक बोटांनी हाताळत. फिनलंडमध्ये सेप्पालायनेन आणि रायानिएमी यांनी १९८४ मध्ये अशा तंत्रज्ञांच्या बोटांच्या नसा तपासल्या. मोनोमरचा संपर्क होणाऱ्या बोटांत संवेदना वाहून नेण्याचा वेग मंदावलेला आढळला. म्हणजे उष्णता नाही, दाब नाही, कातडी शाबूत, तरी नुसत्या स्पर्शाने नस दुखावते. मोनोमर चरबीत सहज विरघळतो आणि मायलिनमध्ये चरबीच जास्त. तो लॅटेक्सच्या मोज्यातूनही पार होतो. म्हणून सिमेंट मळणाऱ्या सिस्टरनी दुहेरी मोजे घालावेत आणि काम होताच वरचे काढून टाकावेत, हा लेखकांचा आग्रह मला पूर्ण पटतो. घट्ट झालेल्या सिमेंटमध्येही थोडा मोनोमर शिल्लक राहतो आणि काही काळ पाझरतो. पण उघड्या नसेला खरा धोका आहे तो अर्धवट कालवलेल्या, फार पातळ असताना भरलेल्या सिमेंटचा.

दाबाची गोष्ट मात्र अगदी वेगळी. इथे सिमेंट तापून गार झालेलं असतं, रसायन विरून गेलेलं असतं, आणि उरलेला असतो तो फक्त एक कडक, कधी धारदार कडेचा तुकडा. खुब्याच्या वाटीमागून सायटिक नस जाते. वाटीच्या आतल्या बाजूला, ओटीपोटाच्या भिंतीला लागून ऑब्ट्युरेटर नस जाते. वाटीत सिमेंट भरण्यासाठी पाडलेलं छिद्र आतल्या भिंतीपार गेलं, तर सिमेंट ओटीपोटात उतरतं. रुग्णाला मग जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला सतत दुखतं, मांड्या जवळ घेताना जोर लागत नाही. १९८५ मध्ये सिलिस्की आणि स्कॉट यांनी अशा चार रुग्णांची हकिकत लिहिली. त्याआधी १९७१ मध्ये कॅसाग्रांडे आणि डॅनाही यांनी सायटिक नस अ‍ॅक्रिलिकमध्ये अडकल्याचं वर्णन केलं होतं, आणि त्यांच्या शीर्षकातच ती इजा उशिरा झाल्याचं म्हटलं होतं. ही माणसं ऑपरेशननंतर बरी असतात, चालतात, घरी जातात. मग चालण्याच्या प्रत्येक पावलागणिक नस त्या कडेवर घासते, भोवती तंतुमय ऊतक वाढतं आणि एक दिवस पाय साथ देईनासा होतो. अशा रुग्णाला जेव्हा "वय झालं, मणक्याचं असेल" असं सांगून परत पाठवलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. खुब्याचा साधा एक्स-रे काढला तरी बेरियममुळे तो पांढरा तुकडा बहुतेकदा दिसतो. सीटी स्कॅनवर तर त्याचं नसेपासूनचं अंतरही मोजता येतं.

सायटिक नसेत खरं तर दोन नसा शेजारी शेजारी एका वेष्टनात असतात. त्यांतली बाहेरच्या बाजूची पेरोनियल नस आधी दुखावते. तिचे जुडगे कमी आणि जाड, त्यांच्यामधलं मऊ ऊतक थोडं, आणि ती गुडघ्याखाली हाडाच्या मानेपाशी जखडलेली. त्यामुळे ताण सोसायला तिला जागाच नसते. ती गेली की पंजा लोंबतो. रुग्ण सांगतो, "चप्पल पायातून निसटते आणि मला कळतच नाही." या एका वाक्यात स्नायूचं आणि संवेदनेचं, दोन्हीचं निदान असतं. पेरोनियलची भरून येण्याची क्षमताही बेताचीच. तुटलेला धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. खुब्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे किती महिने लागतील ते समजेल, आणि तोवर स्नायू वाट पाहत सुकत असतो. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये नसेच्या इजेचे जे तीन प्रकार पाडले, ते आजही आम्ही रोज वापरतो: नुसता संदेश थांबलेला, आतला धागा तुटलेला पण नळी शाबूत, आणि सगळंच तुटलेलं. उष्णतेने भाजलेल्या नसेचं भवितव्य यांतला कोणता प्रकार आहे यावर ठरतं.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. सांधा बदलल्यानंतर नस दुखावली म्हणजे सिमेंटच दोषी, असं मुळीच नाही. हाड बाजूला धरणारी अवजारं, पायाची वाढवलेली लांबी, साचलेलं रक्त, ही कारणं जास्त आढळतात. सिमेंट न वापरलेल्या सांध्यांतही नसा दुखावतात. आणि सिमेंटने गेल्या सहा दशकांत जगभर असंख्य लोकांना वेदनेतून सोडवून चालतं केलंय. पुस्तक वाचून कुणी घाबरून ऑपरेशन टाळलं, तर लेखकांच्या हेतूचाच पराभव होईल.

मणक्याचं प्रकरण मी दोनदा वाचलं. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ इथे गालिबेर आणि डेरामाँ यांनी मानेच्या दुसऱ्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीत सुईने अ‍ॅक्रिलिक भरलं. त्यांचा लेख १९८७ मध्ये आला. पुढे ही रीत ठिसूळ हाडांमुळे दबलेल्या मणक्यांसाठी जगभर पसरली. इथे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं. मणक्याच्या मागच्या भिंतीपलीकडे लगेच मज्जारज्जू किंवा कमरेखाली नसांचा जुडगा, आणि बाजूच्या छिद्रांतून बाहेर पडणारी मुळं. मणक्यातल्या शिरा थेट मज्जारज्जूच्या पोकळीतल्या शिरांमध्ये उघडतात. पातळ सिमेंट जोर लावून भरलं की ते शिरांच्या वाटेने तिकडे जातं. सीटी केला तर बऱ्याच रुग्णांत थोडंसं सिमेंट बाहेर आलेलं दिसतं आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, हे खरं. मज्जारज्जूभोवतीचं पाणी, चरबी आणि शिरांमधलं रक्त उष्णता वाहून नेतात. पण बाजूच्या छिद्रात अडकलेल्या सिमेंटच्या छोट्या तुकड्याची उष्णता अशी वाहून जात नाही. तिथे नसेला सरकायला जागा नसते, आणि तिची संवेदनेची गाठही तिथेच बसलेली असते.

म्हणूनच हे काम पुष्कळदा जागेवरच भूल देऊन, रुग्ण जागा ठेवून करतात. तो पालथा झोपलेला असतो, सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सिमेंटची काळी सावली पुढे सरकते आहे, आणि मध्येच तो म्हणतो, "डॉक्टर, पायात वीज गेल्यासारखं झालं." त्या क्षणी हात थांबवायचा. पडद्यावर अजून काही दिसत नसलं तरीही. एक्स-रेवर नीट दिसावं म्हणून मणक्याच्या सिमेंटमध्ये बेरियमचं प्रमाण वाढवून शेकडा तीसच्या आसपास ठेवतात, हा तपशील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. त्या पांढऱ्या पावडरीवर शेजारच्या नसेची सुरक्षितता अवलंबून आहे.

याच प्रकरणात एक पेच आहे, आणि तो मला फार विचार करायला लावतो. मणक्यात सिमेंट भरल्यावर दुखणं कमी का होतं? एक उत्तर असं, की हाड स्थिर होतं. दुसरं असं, की उष्णतेने आणि रसायनाने हाडातल्याच वेदनेच्या नसा निकामी होतात. म्हणजे बाहेरच्या नसेला ज्याची भीती, तेच आतल्या नसेपाशी औषध. या दुसऱ्या उत्तराविरुद्ध असं सांगतात, की न तापणारं कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट वापरूनही रुग्णांना आराम पडतो. त्यातच २००९ मध्ये बुखबाइंडर आणि कालम्स यांच्या दोन स्वतंत्र चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत ७८, दुसरीत १३१ रुग्ण. काहींना खरं सिमेंट, काहींना नुसता देखावा. आणि दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यावर वाद झाले, नंतरच्या चाचण्यांनी उलटसुलट निष्कर्ष काढले. माझं मत विचाराल, तर ज्या उपचाराचा फायदा असा वादात आहे, तिथे नसेचा धोका पत्करताना आपण आणखी काटेकोर असलं पाहिजे. दरम्यान मणक्यातली ती वेदनेची नस जाणूनबुजून जाळण्याची स्वतंत्र पद्धत आली: रेडिओफ्रिक्वेन्सीने ८५ अंश, १५ मिनिटं, सिमेंट काहीच नाही.

हाडाच्या गाठींमध्येही उष्णता हवीशी असते. गुडघ्याजवळ होणारा जायंट सेल ट्यूमर खरवडून काढल्यावर ती पोकळी सिमेंटने भरतात. उरलेल्या पेशी त्या तापाने मराव्यात हाही त्यात हेतू असतो. पण पोकळी मोठी, म्हणजे गोळा मोठा, म्हणजे ताप जास्त. आणि नडगीच्या वरच्या टोकापाशी बाहेरच्या बाजूने पेरोनियल नस अगदी लागून जाते. गार सलाइनची धार धरणं, नस आधी शोधून ओल्या गॉजने झाकणं, या साध्या कृती इथे पाय वाचवतात.

मग न तापणारं सिमेंटच का वापरू नये? कॅल्शियम फॉस्फेट गार राहतं, पण ताण आणि पीळ सोसायला कमकुवत आहे आणि रक्तात धुपून जाऊ शकतं. गार म्हणजे निर्धोक असंही नाही. कानामागे कवटीच्या तळाशी भोक बुजवण्यासाठी एकेकाळी ग्लास आयनोमर जातीचं सिमेंट वापरलं. ते फारसं तापत नव्हतं. पण ओलं असताना मेंदूभोवतीच्या पाण्याशी त्याचा संपर्क आला आणि त्यातलं अ‍ॅल्युमिनियम मेंदूत गेलं. रुग्णांना झटके आले, शुद्ध हरपली, काही दगावले. १९९४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी हे मांडलं. नव्या सिमेंटच्या जाहिरातीत 'उष्णता नाही' असं लिहिलेलं दिसलं की मला ही हकिकत आठवते.

शेवटी वॉर्डाविषयी. आजकाल दुखू नये म्हणून मांडीत किंवा पाठीत नस बधिर करणारं औषध चालू ठेवतात. रुग्णाला आराम मिळतो, तो मिळायलाच हवा. पण पाय हलत नाही तो औषधामुळे की इजेमुळे, हे त्या काळात सांगता येत नाही आणि 'कधीपासून' या प्रश्नाचं उत्तरच हरवतं. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पंजा वर-खाली करून घ्यावा, अंगठ्याच्या बेचक्यात कापसाने स्पर्श करून पाहावा आणि केसपेपरवर लिहावं. औषधाचा अंमल उतरण्याची वेळ भूलतज्ज्ञांकडून विचारून त्या तासाला पुन्हा तेच करावं. पुस्तकाच्या परिशिष्टात यासाठी एका पानाचा तक्ता दिलाय. तो फोटोकॉपी करून प्रत्येक खाटेशी अडकवावा.

एका मुद्द्यावर माझा लेखकांशी मतभेद आहे आणि तो इथे नोंदवायची त्यांनी मला मोकळीक दिली आहे. नस दुखावल्यावर तीन महिने थांबून, तपासण्या करत, मगच पुन्हा उघडायचा विचार करावा, असं ते सुचवतात. अवजाराने किंवा ताणाने दुखावलेल्या नसेसाठी ते बरोबरच आहे. तिथे बरेच रुग्ण आपोआप सुधारतात. सुया घालून केलेल्या तपासणीत धागे तुटल्याच्या खुणा उमटायलाच तीन आठवडे लागतात, हेही खरं. पण सीटीवर सिमेंटचा तुकडा नसेला टेकलेला दिसतोय आणि पायाचा जोर कमी होतोय, तर माझ्या तपासणीच्या निकालासाठी थांबू नये. तो तुकडा तिथे असेपर्यंत इजा चालूच असते. अशा रुग्णाला शल्यविशारदाने त्याच आठवड्यात घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. लेखकांनी आपली बाजू सातव्या प्रकरणात सविस्तर दिली आहे. वाचकांनी दोन्ही पाहून आपल्या रुग्णापुरता निर्णय करावा.